मुंबईत उथळ पाण्यात बुडी मारून चिंबोऱ्या पकडता येतात का?

बुडी मारून? नाही. इथलं पाणी इतकं गढूळ की चष्मा लावून उतरलात तरी स्वतःचा हात दिसणार नाही. तो शौक तारकर्लीला करा. आपल्याकडे चिंबोरी खाडीच्या चिखलात नाहीतर खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या, कपारीत बसते, आणि समुद्र दिवसातून दोनदा आपणहून मागे सरतो.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "खडपावर नुसत्या वेचायच्या तर ती कसली मासेमारी?" हेच माझे काका म्हणाले होते, म्हणून मी लिहायला बसले.

समुद्रातल्या एका बांधकामाच्या भरपाईसाठी आमच्या कोळीवाड्यात यादी करायला माणसं आली होती. होडी कुणाची, जाळी किती, एवढंच विचारत होते. आई तेवढ्यात सुकतीवरून, म्हणजे ओहोटीच्या किनाऱ्यावरून, परतली, गुडघ्यापर्यंत चिखल, पाटीत सुतळीने बांधलेल्या चिंबोऱ्या. म्हणाली, "माजं पन नाव लिवा." काका म्हणाले, "वयनी, तुमी काय जालं टाकता?" नाव लागलं नाही.

ते "वेचणं" असं असतं. आई कॅलेंडरवरची तिथी बघून तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास पुरती सुकती. ती सातलाच निघायची, उतरत्या पाण्याच्या मागोमाग. बिळाच्या तोंडाशी ताजा ओला चिखल उकरलेला दिसला तरच आकडा, म्हणजे हुक, आत घालायची. चिंबोरीने आकडा धरला की हात थांबवायचा. हिसका दिलात तर ती नांगी टाकून देते, आणि नांगी तुटलेल्या चिंबोरीला गिऱ्हाईक पाडूनच मागतं. सावकाश बाहेर घ्यायची, पाठीवर पाय ठेवायचा, मागून धरून नांग्या बांधायच्या. काका उत्तम तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, पण हे काम त्यांनी कधीच केलं नाही. १ जून ते ३१ जुलै बंदीत त्यांची इंजिनाची होडी किनाऱ्याला लागायची, तेव्हा दोन्ही घरांची चूल खाडीतल्या चिंबोऱ्यांवर पेटायची. त्यांच्या पोरांच्या वह्यासुद्धा त्यातूनच आल्या. ही मासेमारी नाही तर मग काय आहे?

हां, जाणारच असाल तर एकटे जाऊ नका. पाणी फिरलं की लगेच मागे फिरा, उधाणाची भरती बघता बघता पाठीमागची वाट बुडवते. पावसाळ्यात खडपावर पाऊलही ठेवू नका. चिखलात पाय घासत चाला, पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, असलं तर सरकून जातं. नाल्याच्या तोंडाजवळचं काही खाऊ नका. पोटाखाली अंडी चिकटलेली मादी मिळाली तर सोडून द्या, आई नेहमी सोडायची. तिवरं तोडून वाट करू नका.

जागा मात्र मी सांगणार नाही. जवळच्या कोळीवाड्यात जा आणि होडीवाल्याला नको, खडपावर जाणाऱ्या बाईला विचारा. तिचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या.