पणजोबांचा सूट नक्की कधीचा?

प्रश्न (सांगली, गावभाग): जुन्या घराच्या माळ्यावर ट्रंकेत पणजोबांचा राखाडी सूट सापडला, कोट, वेस्टकोट, पँट तिन्ही. 2019 च्या पुरात खालचं सगळं गेलं पण माळा वाचला. घरात सगळे म्हणतात 1910 चा आहे. खांदे रुंद आहेत, छातीपाशी कापड जरा सैल पडतं, कंबर घट्ट, पँटला पुढे प्लेट्स (चुण्या) आणि आतून गॅलिसची (खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांची) बटणं. डिसेंबरात भावाचं लग्न आहे, आल्टर करून घालू का?

उत्तर: पहिल्यांदा वयाचं बघू, कारण घरोघरी काय होतं, फोटोत पणजोबा दिसले की वस्तू डायरेक्ट 1910 ची होऊन जाते. तुम्ही जे वर्णन केलंय ते 1910 चं नाहीच बघा. त्या काळातला कोट म्हणजे सरळ उभा, थोडा पोत्यासारखा, तीन नाहीतर चार बटणं आणि ती पण पार वर छातीपर्यंत, लॅपल (गळ्यापासून छातीवर दुमडलेली पट्टी) छोटी, पँट निमुळती आणि पुढून सपाट. प्लेट्स रुळल्या त्या 1920 च्या दशकात. आणि रुंद खांदा, छातीला सैल कापड, कंबर आवळलेली हे तर सरळसरळ 1930 च्या आसपासचं लक्षण. लंडनमधे फ्रेडरिक शोल्टे नावाचा टेलर होता, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाचे कपडे शिवायचा. गार्ड्स पलटणींच्या ऑफिसरांचे ओव्हरकोट छातीला भरदार आणि कंबरेला घट्ट दिसतात हे त्यानं हेरलं आणि तेच साध्या सुटात आणलं. मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथं, कापडाची जी उभी घडी पडते ना, ती शिंप्याची चूक नाही, मुद्दाम ठेवलेली असते, उगाच कुणाकडून काढून घेऊ नका. आपला सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, तुमचा सूट बहुतेक त्याच्यापेक्षा धाकटाच निघेल.

अजून एक बघा, पँटला पुढे बटणं आहेत का चेन. चेन असेल आणि तिचे टाके मूळ शिलाईशी जुळत असतील तर 1935 च्या अलीकडे या, कारण चांगल्या टेलरांनी सुटाच्या पँटला चेन लावायला सुरुवात केली तीच त्या सुमारास. टाके वेगळे दिसले तर नंतर कुणीतरी बसवलीय.

आता आल्टर. पँटची कंबर सैल करता येते, शिलाईच्या आत कापड राखलेलं असेल तर. बाहीची लांबी पण होते. पण खांदा आणि मुंढा, हात लावायचा नाही. जुन्या कोटाचा मुंढा लहान आणि काखेत वर असतो, त्यामुळे हात वर केला तरी कोट सगळा वर सरकत नाही, आणि तो एकदा कापला की परत येत नाही. आतला कॅनव्हास (कोटाला आकार देणारं जाड कापड) तेव्हा हातानं टाके घालून बसवायचे, आतासारखा चिकटवायचे नाहीत, म्हणून परटाकडे किंवा कुठल्याही मशीनला देऊ नका, ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री बास. कसर लागलीय का ते कॉलरखाली आणि प्लेट्सच्या घडीत बघा. शंका आली तर प्लास्टिकमधे हवाबंद गुंडाळून दोन आठवडे डीप फ्रीजरमधे, मग ब्रश. घरच्यांना फ्रीजरमधे पणजोबांची पँट दिसली की काय होईल ते तुमचं तुम्ही निस्तरा. आणि लग्न डिसेंबरात आहे हे नशीब, तेव्हाचं कापड मीटरला अर्धा किलोच्या आसपास भरायचं, आताचं तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. सांगलीच्या मे महिन्यात घातला असता तर अक्षता पडायच्या आधी तुम्हीच पडला असता.

प्रश्न (सातारा): कॉलेजच्या नाटकात 1920 चा काळ दाखवायचाय, हिरो विलायतेहून शिकून येतो. बारा पोरं आहेत, सगळ्यांना भाड्यानं थ्री पीस, हॅट आणि खिशातलं साखळीचं घड्याळ द्यायचा विचार आहे. बरोबर होईल ना?

उत्तर: नाही होणार. त्या काळात आपल्याकडचा वकील, मास्तर, मामलेदार काय घालायचा, तर खाली धोतर, वर बंद गळ्याचा नाहीतर साधा लांब कोट, डोक्यावर पगडी किंवा काळी टोपी, खांद्यावर उपरणं. पूर्ण सूट हा परदेशी जाऊन आलेल्याचा, बॅरिस्टरचा, बड्या साहेबी नोकरीतल्याचा. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले बाबासाहेब 1913 ला कोलंबियाला गेले, त्यांचे सुटातले फोटो बघा आणि शेजारी त्या काळातल्या इतर पुढाऱ्यांचे बघा, फरक लगेच कळेल. म्हणजे बारातला एकच सुटात हवा. तो आला की बाकीचे अकरा वळून बघतात, तुमचा सीन तिथंच झाला की! आणि पैसे वाचले ते वेगळंच.

त्या एकाचं मात्र नीट करा. मी पण एकदा मित्राच्या नाटकाला असा भाड्याचा सूट आणला होता, दुकानदार म्हणाला एकदम विंटेज आहे, आणि पँट ढुंगणावर टेकलेली, वेस्टकोट आणि पँटच्या मधे पांढरा शर्ट चार बोटं दिसतोय, हॅट घातली तरी काय उपयोग. सगळा खेळ पँटच्या उंचीचा आहे. पँट बेंबीपर्यंत यायला पाहिजे, बेल्ट नको, गॅलिस लावा, मग वेस्टकोट आखूड असला तरी शर्ट दिसत नाही. शिंप्याकडे गेलात तर विंटेज हा शब्दच काढू नका, सरळ सांगा की कंबर इथं, मोरी (पँटच्या पायाचा खालचा घेर) अशी, बटण इतक्या उंचीवर. कॉलर तेव्हा शर्टापासून सुटी मिळायची, खळ घालून पुठ्ठ्यासारखी कडक, पुढं-मागं छोट्या खुंट्यांनी अडकवायची, शर्ट दोन दिवस चालवून कॉलर तेवढी रोज बदलायची. पांढऱ्या जाड कापडाला भरपूर खळ घातली तर घरीच जमेल. घड्याळ कुठलंही चालेल, पहिल्या महायुद्धात सैनिकांनी मनगटावर बांधलं आणि तिथून पुरुषांत ते पसरलं, त्यामुळे 1920 ला दोन्ही चालू होती. आणि कृपा करून फेंगड्या ढगळ पँटा नकोत, मोरी 22-23 इंचांची ती ऑक्सफर्डच्या पोरांची फॅशन 1925 ची आहे, तुमचा हिरो पाच वर्षं आधीच बोटीतून उतरलाय.

प्रश्न (मिरज): वेस्टकोटचं शेवटचं बटण उघडं का ठेवतात?

उत्तर: सांगतात ते असं की सातवा एडवर्ड, 1901 ते 1910 इंग्लंडचा राजा होता तो, पोट सुटल्यामुळे ते बटण लावायचा नाही आणि दरबाऱ्यांनी बघून तसंच सुरू केलं. खरं-खोटं राजाला माहीत. पण बटण लावून खुर्चीत बसून बघा, खाली कापड कसं गोळा होतं ते दिसेल, राजाची गरजच नाही.