रायफलच्या काडतुसाची वापरलेली केस, म्हणजे पितळी पुंगळी, चकचकीत असेल तर पुन्हा भरायला सुरक्षित असते का?

चकाकीवरून केस पारखणाऱ्याच्या शेजारी मी रेंजवर उभासुद्धा राहणार नाही. तुमच्या अमेरिकेतल्या भावाने .३०८ या रायफल-काडतुसाच्या पिशवीभर केसेस स्वस्तात घेतल्या आणि 'घासून नव्यासारख्या केल्या', असं तुम्ही लिहिलंय. डिट्टो हेच आमच्या मेहुण्याने टेक्सासच्या गॅरेजमध्ये मला ऐकवलं होतं.

माझी नोकरी भांडुपला पितळी पत्र्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये गेली. आणि हा पठ्ठ्या मेहुणा केसेसवर अमोनियावालं पॉलिश चोळत बसलेला. मी हटकलं तर म्हणे, "भावोजी, आई समई पॉलिशनेच घासायची, कधी तडा गेला का?" अरे, समई ओतीव असते आणि तिच्या पोटात दारू पेटत नाही! केसचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, तेही थंड असतानाच ओढून घडवलेलं. आत ताण राहतो, त्यात अमोनिया लागला की चिरा पडतात. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याशेजारी ठेवली की आपोआप भेगाळायची, ती घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने. हे कारण १९२१ साली छापून आलंय, माझं मत नव्हे.

मग मी पेपरक्लिप सरळ केली, टोक जरासं वाकवलं आणि एका केसमध्ये बुडापासून वर ओढत आणलं. बुडाच्या थोडं वर, जाड भिंत पातळ होते तिथे, टोक अडकलं. बाहेरून तिथे उजळ रेघ दिसायला हवी, पण सगळीच चमकत असल्यावर ती दिसणार कशी? "ओरखडा असेल," मेहुणा. केस उभी कापली. आत गोल खाच, भिंत निम्मी उरलेली. अशी केस पुढच्या बाराला बुडापासून तुटू शकते आणि गॅस मागे, रायफल चालवणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने येऊ शकतो. यावर साहेब काय म्हणाले? "एक केस फुकट घालवलीत."

बाकी, मानेला (गोळी बसते त्या वरच्या अरुंद भागाला) चीर असेल किंवा प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टिकली, नुसत्या बोटाने बसत असेल तर केस भंगारात. .३०८ ची लांबी २.०१५ इंचांपुढे गेली की छाटायची. मऊ करायला मानच तापवायची; बूड तापलेली केस सरळ फेकायची. आणि कुणाच्या रायफलमधून किती वेळा उडालीय हे माहीत नसलेली केस मी घेणारच नाही, स्वस्त असो की फुकट.

हां, सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या) रायफलमधल्या केसेस बोल्ट-अॅक्शन (दर वेळी हाताने खटका ओढायच्या) रायफलमधल्यांपेक्षा लवकर थकतात, हे सांगायचं राहिलं. आणि हे सगळं तिकडचं. मुंबईत परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि वरळीच्या रेंजवरून .२२ च्या पुंगळ्या उचलून आणल्या असतील तर त्या रिमफायर, म्हणजे वेगळा प्रायमर नसून पेटवायचा मसाला बुडाच्या कडेतच असलेल्या; त्या पुन्हा भरायच्या नसतातच.

भावाला सांगा, पिशवीतल्या दोन-चार केसेस उभ्या कापून बघ. फुकट गेल्या म्हणाला तर आमच्या मेहुण्याचा नंबर देतो, दोघांचं जमेल.