वाचकांचे प्रश्न : घरचा ४० मीटर बँड इंटरनेटवर ऐकवताना

प्रश्न : मी परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) आहे. ४० मीटर बँडवरील (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या हौशी रेडिओ पट्ट्यातील) संभाषणे परगावच्या मित्रांना थेट ऐकता यावीत म्हणून मी घरच्या डायपोलला (तारेच्या साध्या अँटेनाला) साधा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर, जोडून ओपनवेबआरएक्स हे रिसीव्हर ब्राउझरमधून ऐकवणारे सॉफ्टवेअर चालू केले. दिवसा आवाज बरा येतो, रात्री मात्र नुसता गोंगाट असतो, आणि घराबाहेरून कोणालाही जोडणी मिळत नाही. महागडा रिसीव्हर घ्यावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : खरेदीची घाई करू नये. आपल्या दोन्ही अडचणींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि दुसरी तर कोणत्याही रिसीव्हरने सुटणारी नाही.

सूर्यास्तानंतर आयनावरणाचा (वरच्या वातावरणातील विद्युतभारित पट्ट्याचा) दिवसा लहरी शोषणारा डी थर विरतो आणि दूरदूरची केंद्रे पोहोचू लागतात. आपला बँड ७.२०० मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच त्याच्यावर लघुलहरींवरील प्रसारण केंद्रे सुरू होतात. त्यांच्या प्रचंड शक्तीपुढे ८ बिटांचा (प्रबळ आणि क्षीण संदेश एकत्र पेलण्याची क्षमता कमी असलेला) डोंगल गुदमरतो. अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये १० ते २० डेसिबलचा, संदेश क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर लावून पाहावा. संदेश क्षीण होण्याऐवजी उलट स्वच्छ झाले, तर दोष ओव्हरलोडचा आहे, आणि तसे असेल तरच १४ बिटांच्या किवीएसडीआरसारख्या उपकरणाचा विचार करावा.

फरक पडला नाही, तर संशयित घरातच आहे. संध्याकाळ झाली की एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही हे सारे एकदम चालू होते. बॅटरीवर चालणारा रेडिओ याच बँडवर लावून घराचा मेन स्विच बंद करावा आणि नंतर एकेक एमसीबी चढवत जावे. ज्या क्षणी घरघर उसळेल, त्याच सर्किटवर गुन्हेगार सापडतो. वॉटरफॉलवर (पडद्यावर सरकत जाणाऱ्या संदेशांच्या आलेखावर) समान अंतरांवर उभ्या, किंचित सरकत्या रेघा दिसत असतील, तर त्या बहुधा एखाद्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरच्या असतात (आणि तो अ‍ॅडॉप्टर पुष्कळदा आपल्याच राउटरचा निघतो). मेन स्विच बंद करूनही आवाज तसाच राहिला, तर शेजाऱ्यांशी गोडीने बोलणे किंवा अँटेना इमारतीपासून दूर नेणे, एवढेच हाती उरते.

बाहेरून जोडणी न मिळण्याचे कारण बहुधा ब्रॉडबँडमध्ये आहे. अनेक सेवादार बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. राउटरच्या पानावरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण त्यातलेच आहात आणि ओपनवेबआरएक्सचे ८०७३ हे पोर्ट (बाहेरून जोडणी येण्याचे दार) राउटरवर कितीही उघडले तरी व्यर्थ आहे. सेवादाराकडून स्टॅटिक आयपी घ्यावा किंवा भाड्याच्या सर्व्हरमार्फत टनेल (घरापर्यंत पोहोचणारा आडमार्ग) काढावा.

श्रोत्यांना फक्त हौशी बँडच उपलब्ध ठेवावा, इतर सेवांची संभाषणे नको. शिवाय आपण स्वतः प्रक्षेपण करता तेव्हा डोंगल रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) अँटेनापासून तोडण्याची व्यवस्था आधी करावी. १०० वॉटचा ट्रान्समीटर शेजारी असताना डोंगलचे इनपुट जळायला एकच कॉल पुरतो.