एल्कसाठी गोळी निवडताना

कोलोरॅडोत पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणार आणि विचारतोस, १४३ ग्रेन घेऊ की १४७? ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप; वजनाचं नंतर बघू. आधी गोळी जनावरापर्यंत पोचते तेव्हा तिच्यात वेग किती उरतो ते काढ. शिकारीची गोळी आत शिरल्यावर फुलावी लागते, आणि त्याला किमान वेग लागतो. साधारण १,८०० फूट प्रतिसेकंद धर. निव्वळ तांब्याच्या गोळीला बहुधा त्याहून जास्त. नेमका आकडा कंपनीकडून घे. ६.५ क्रीडमोर या काडतुसातून २,७०० ने सुटलेली चांगली १४३ ग्रेन ५०० यार्डांवर २,००० च्या आसपास येते. त्यापुढे हात आखडताच बरा. मी तर ३०० नंतर बोट ट्रिगरवर नेत नाही. वारा कुणाचा सगा नसतो.

मॅच गोळ्यांच्या, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या गोळ्यांच्या, मोहात पडू नकोस. कागदावर भोकाला भोक लागतं खरं, पण जनावरात त्या कधी सुईसारख्या आरपार जातात, कधी वरच्यावर फुटतात.

नळीचा ट्विस्ट १:८ असेल, म्हणजे गोळी आठ इंचांत एक फेरा घेत असेल, तर या लांब गोळ्या स्थिर राहतात. मग दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी आण आणि रायफलला मानवेल ती ठेव. तिचे नखरे जावयासारखे असतात!

कोलोरॅडोत एल्कला किमान ८५ ग्रेन लागतात, ते तुझं होतंच. कॅलिफोर्नियात गेलास तर मात्र शिसं घरी ठेव. तिथे जुलै २०१९ पासून शिकारीला बिनशिशाचीच गोळी लागते.