वेष्टन पाहिलंस का?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जुन्या मासिकांचे खंड चाळूनही बायकांच्या पुस्तकांच्या जाहिराती दिसत नाहीत, तेव्हा त्या येतच नसतील, असं तू लिहितेस. इतक्या लवकर निष्कर्ष? बडोद्यात मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात असो की आणखी कुठे, बांधीव खंडातून बांधणाऱ्याने आधीच बरंच काढून टाकलेलं असतं. वर्षाचे अंक एकत्र शिवताना रंगीत वेष्टनं, म्हणजे अंकाची बाहेरची पानं, पुष्कळदा फेकली जात, आणि जाहिराती मुख्यतः त्यांवरच. पानांचे आकडे सलग आहेत म्हणून निश्चिंत होऊ नकोस. वेष्टनाला त्या आकड्यांत बहुधा जागाच नसे. सुटे अंक शोध. रद्दीत, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, दुसऱ्या गावच्या वाचनालयात. स्कॅनमधल्या शोधावर विसंबू नकोस, जाहिरातीचा बारीक टाइप त्याला पुष्कळदा धड वाचता येत नाही.

जाहिरात सापडली की अख्खी उतरव: किंमत, 'ट. ह.' म्हणजे टपाल हशील, व्ही.पी.ची (पुस्तक हाती आल्यावर टपालवाल्याला पैसे देण्याची) सोय, शेजारची जाहिरात. पत्ता तर कधीच गाळू नकोस. पुस्तक छापखान्यात मिळतं, दुकानात की लेखिकेच्या घरी, यावरून पैसा कुणी घातला याचा माग लागतो. पुढे किंमत उतरली तर प्रती पडून असाव्यात असा संशय घे. शाबीत झालं म्हणू नकोस.

'पोच' (पुस्तक मिळाल्याची संपादकाची नोंद) आणि 'अभिप्राय' (पुस्तकावरचं मत) जाहिरातींत मोजू नकोस. आणि नाव! विभावरी शिरूरकर, बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर ही एकच बाई. १९३३चं 'कळ्यांचे निःश्वास' पहिल्या नावाने आलं. एका नावावर शोध थांबवलास तर बाकीचं लेखन हातून जाईल.

शक दिसला तर ७८ मिळव, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. १८६७च्या छापखाने आणि पुस्तक-नोंदणीच्या कायद्याने तेव्हा निघत असलेल्या सरकारी त्रैमासिक याद्यांत किंमत आणि प्रतींची संख्या मिळते, त्या जाहिरातीशी ताडून बघ. पण तो कायदा इंग्रजी मुलखाचा. बडोदे संस्थानात छापलेलं पुस्तक त्या यादीत नाही, म्हणून ते निघालंच नाही असं लिहिशील तर मी कागद परत करीन.

एवढी बारकाई कशाला, असं तुला कुणी विचारील. मी यावर हटून बसते, कारण 'बायका लिहीत नव्हत्या' हे वाक्य फाटक्या खंडांच्या भरवशावर फार वेळा छापलं गेलंय. तक्त्यात प्रत्येक अंकापुढे एक रकाना घाल: वेष्टन पाहिलं की नाही. तो भरल्याशिवाय बेरजा मला पाठवू नकोस.