पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमधल्या टॅगच्या चुका सी ही प्रोग्रामिंगची भाषा न येता दुरुस्त करता येतात का?

हो, येतात. तुम्ही लिहिलंय की पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये एका पॅरामीटरच्या नावापासून सुरू झालेला कोडचा फॉन्ट पुढच्या तीन-चार शब्दांपर्यंत गेलाय, आणि तुम्हाला सी येत नाही तर हात लावावा का. बिनधास्त लावा, डॉक्युमेंटेशनला सी लागतच नाही.

मॅन्युअलचा सोर्स कोडच्याच गिट रिपॉझिटरीत (फाइली आणि त्यांतले बदल साठवायची जागा) असतो, डॉक फोल्डर, त्यात एसआरसी, त्यात एसजीएमएल. फाइलींचं एक्स्टेन्शन अजून एसजीएमएल असलं तरी 2017 पासून आतमध्ये डॉकबुकचं (मॅन्युअल लिहायच्या टॅगच्या संचाचं) एक्सएमएल आहे, म्हणजे प्रत्येक टॅग, मजकुराचा तुकडा काय आहे ते सांगणारी खूण, नीट बंद करावाच लागतो. त्याच फोल्डरमध्ये 'मेक चेक' चालवलं की एक्सएमएललिंट हे टूल सगळं तपासतं, आणि लिटरलचा (मजकूर कोडच्या फॉन्टमध्ये दाखवणारा) टॅग बंद करायचा राहिला असेल तर पॅराग्राफ जिथे संपतो तिथे मिसमॅचची एरर देतं, त्या एररमध्ये टॅग कुठल्या लाइनवर उघडला तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे शोधायला फार वेळ लागत नाही. उदाहरणाच्या क्वेरीत 'पेक्षा लहान'चं चिन्ह किंवा अँपरसँड तसंच टाकलं तरी ते अडतं (सीडाटामध्ये, म्हणजे टॅग म्हणून न वाचल्या जाणाऱ्या भागात, नसेल तर), तिथे एलटी आणि एएमपी ही एन्टिटी, म्हणजे चिन्हाऐवजीचा कोड, लिहावी लागते.

आता मुख्य मुद्दा. टॅग तुटलेला असेल तर पेज तयारच होत नाही. म्हणजे साइटवर तुम्हाला जी चूक दिसतेय ती या तपासणीतून पास होऊन आलेली आहे, टॅग बंद झालाय पण चुकीच्या जागी, आणि एक्सएमएलच्या नियमाने ते बरोबरच आहे! ही चूक मशीन पकडत नाही, वाचणाराच पकडतो. म्हणून तुमच्यासारख्या वाचून थांबणाऱ्या माणसाची तिथे खरंच गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

यातली सगळ्यात त्रासदायक चूक म्हणजे रिप्लेसेबलचा टॅग सुटणं. क्रिएट इंडेक्स या कमांडच्या सिन्टॅक्समध्ये टेबलचं नाव तिरक्या अक्षरात दिसतं ते या टॅगमुळे, तो नसेल तर नवीन माणसाला कळत नाही की इथे आपलं नाव घालायचंय की हाच शब्द टाइप करायचाय. आणि रेफ नावाच्या सबफोल्डरमधल्या फाइलींना हात लावताना जास्त जपा, कारण तिथून नुसतं वेबपेज नाही तर मॅन पेजही (टर्मिनलमध्ये वाचायची मदत) बनतं, आणि पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये बॅकस्लॅश एच देऊन जो सिन्टॅक्स दिसतो तोही बिल्डच्या वेळी तिथूनच उचलला जातो. म्हणजे तिथला एक सुटलेला चौकटी कंस थेट लोकांच्या टर्मिनलवर जातो.

याउलट वर्क_मेम या सेटिंगला व्हेरनेमचा (व्हेरिएबलच्या नावाचा) टॅग हवा होता आणि कोणीतरी लिटरल लावलाय, अशा चुका वेबवर दिसतच नाहीत, दोन्हीचा फॉन्ट सारखाच. नियमाने व्हेरनेमच बरोबर, पण माझं मत विचाराल तर नुसत्या त्यासाठी शेकडो लाइनी बदलणारा पॅच (बदलांची फाइल) पाठवू नका, तपासणाऱ्याचा वेळ जातो. त्या परिच्छेदात दुसरं काही बदलत असाल तर ओघात करा.

सोर्समध्ये वाक्य शोधताना पूर्ण वाक्य ग्रेप करू नका, मध्येच लाइन तुटलेली असते आणि टॅग असतात, दोन-तीन शब्दच शोधा. आधी डेव्हलपमेंट व्हर्जनचं पेज उघडून बघा, कदाचित तिथे कोणी दुरुस्त केलंही असेल. मग फक्त तो बंद होणारा टॅग हलवा, परिच्छेदाच्या लाइनी नव्याने जुळवत बसू नका, नाहीतर एका टॅगच्या बदलासाठी डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलीच्या तुलनेत) दहा लाइनी लाल-हिरव्या दिसतात आणि नेमकं काय बदललं ते कोणालाच कळत नाही. प्रोग्रामलिस्टिंग या कोडच्या उदाहरणांच्या टॅगच्या आत इंडेंट सुंदर करायला जाऊ नका, तिथली प्रत्येक स्पेस जशीच्या तशी पेजवर उमटते. आणि सेक्शनच्या आयडीत स्पेलिंगची चूक दिसली तरी तो आयडी परस्पर बदलू नका, पेजच्या फाइलचं नाव त्यावरूनच ठरतं, बदललात तर लोकांनी जगभर दिलेल्या लिंका तुटतील.

झालं की मेक चेक, मग 'मेक एचटीएमएल' करून ते पेज ब्राउझरमध्ये स्वतः डोळ्यांनी बघा, आणि गिट फॉरमॅट-पॅचने बनवलेली फाइल पीजीएसक्यूएल-डॉक्स या मेलिंग लिस्टवर पाठवा. मेलमध्ये पेजचं नाव, आत्ता काय दिसतं आणि काय दिसायला हवं, एवढं दोन ओळींत लिहिलं तरी पुरतं. चूक जुन्या व्हर्जनच्या पेजवरही असेल तर तेही लिहा, म्हणजे कमिट करणाऱ्याला (बदल मूळ रिपॉझिटरीत घालणाऱ्याला) ती दुरुस्ती अजून सपोर्ट चालू असलेल्या जुन्या ब्रँचमध्येही टाकायची का ते लगेच ठरवता येईल.