थंडीत पपईचे बी उगवत नाही : निफाड भागातील शेतकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर

निफाड तालुक्यातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये टाकलेले तैवान ७८६ पपईचे बी तीन आठवडे झाले तरी उगवलेले नाही, तेव्हा दुकानदार सांगतो त्याप्रमाणे ह्युमिक ॲसिड आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत सोडावे काय? सोडू नये. बी उगवून पाने येईपर्यंत स्वतःच्या साठ्यावर जगते, त्यामुळे त्या खताचा लाभ फक्त दुकानदाराला होतो.

पपईच्या बियाला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. आपल्याकडे या दिवसांत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, काही वर्षी पाचच्याही खाली उतरतो, आणि ट्रेमधील ओले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दिवसाही लवकर तापत नाही. अशा गारठ्यात बी नुसते पडून राहते. त्यावर ‘उगवत नाही’ म्हणून पाणी वाढवले की ते कुजते. शंका असल्यास चार बिया उकरून दोन बोटांत दाबून पाहाव्यात. टणक आणि आतून पांढरी असेल तर ती जिवंत आहे. दाबताच आंबूस वासाचे करडे पाणी निघाले तर ट्रे रिकामा करावा.

आता जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाविषयी. द्राक्षबागेला ते लागत असल्याने आपल्याकडे घरोघरी त्याची पुडी असते आणि हातही सैल असतो. पेरणीपूर्वी बी भिजवण्यासाठी १०० पीपीएम, म्हणजे १० लिटर पाण्यात १ ग्रॅम, एवढेच द्रावण १० ते १२ तास पुरते. दुप्पट मात्रेने रोप दुप्पट जोमदार होत नाही, ते काडीसारखे लांबते आणि पहिल्याच वाऱ्याला आडवे होते. उगवलेल्या रोपांवर जीए मुळीच फवारू नये, दुकानदाराने कितीही सांगितले तरी फवारू नये.

माझा आग्रह जुन्याच पद्धतीचा आहे. कारली-दोडक्याचे बी आपण फडक्यात बांधून उकिरड्याच्या उबेत ठेवतो, तसेच भिजवलेल्या पपईच्या बियाची पुरचुंडी ठेवावी, फडके ओलसर राखावे, आणि पांढरा कोंब दिसताच बी पिशवीत एक सेंटिमीटर खोल लावावे. हे काम जानेवारीअखेरीस सुरू करावे, त्याआधी नाही. पिशव्यांवर सायंकाळी प्लास्टिक ओढावे, सकाळी ऊन चढताच काढावे आणि पाणी फक्त सकाळी द्यावे. संध्याकाळचे पाणी म्हणजे रोपे बुडाशी कोलमडण्याला आमंत्रण. बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक किलोस ३ ग्रॅम चोळावे, परंतु पाकिटातील बी आधीच प्रक्रिया केलेले असेल तर पुन्हा चोळू नये.

खाल्लेल्या ७८६ फळातील बी धरू नये. ते संकरित असल्याने पुढील पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत, आणि हे कळेपर्यंत वर्षाचा खर्च झालेला असतो.

शेडनेटसाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अनुदान असून अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा. मापदंड तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळतील.

साधारण ४५ दिवसांचे, वीतभर उंचीचे रोप मार्चच्या मध्यास शेतात लावावे. लागवडीपूर्वी आठवडाभर प्लास्टिक रात्रीही काढून ठेवावे.